ओठ फुटलेत: कोकम तेल, व्हॅसलीन की लिप बाम?

डिसेंबरात नाशिकला पहाटे गाडी काढायला लागलं की आठवड्याभरात ओठांची सालपटं निघू लागतात. ओठांना तेलग्रंथी जवळजवळ नसतात, वरचा थरही पातळ. कोरडा वारा तिथली ओल सहज ओढून नेतो. जीभ फिरवली की क्षणभर बरं वाटतं, पण थुंकी वाळताना ओठ आणखी कोरडे पडतात.

माझ्या आजोळी, कुडाळकडे, यावर मुठेल लावतात. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. म्हणायचं तेल, पण हाती येतो मेणासारखा कडक, पांढुरका गोळा. बियांचा गर वाटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल थिजत आलं की मुठीत वळायचं. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून गोळा थेट ओठांवर घासू नका, सुटलेली साल ओरबाडली जाते. आजी सुरीने कपचा काढायची, चमच्यात घेऊन निखाऱ्यावर धरायची आणि कोमट असतानाच बोटाने टिपून लावायची. असं लावलेलं मुठेल ओठांवर छान धरून राहतं. खटाटोप मात्र आहे, आणि चांगलं मुठेल कोकणाबाहेर सहज मिळत नाही. खोबरेल घरात असतंच, पण ते पातळ. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर निघून जातं.

ओठांतून रक्त येत असेल तर मी मुठेलाचाही हट्ट धरणार नाही. तेव्हा साधं, बिनवासाचं व्हॅसलीनच. १८७२ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही पेट्रोलियम जेली स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवून धरते. म्हणून झोपताना ओठ पाण्याने ओले करायचे, हलके टिपायचे आणि लगेच जाड थर द्यायचा.

उन्हातून फिरणाऱ्यांनी मात्र लिप बामच घ्यावा, तोही एसपीएफ ३० किंवा जास्त असलेला, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावा. ऊन अडवणं मुठेल-व्हॅसलीनच्या भरवशावर सोडता येत नाही. घेताना मागची बारीक अक्षरं वाचाच. मेंथॉल, कापूर, निलगिरी किंवा दालचिनी दिसली तर परत ठेवा. मी एकदा गार वाटतो म्हणून मेंथॉलचा बाम महिनाभर लावला. चुरचुर वाढतच गेली, बंद केल्यावर थांबली.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा तोंडाचे कोपरेच चिरत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कोपऱ्यातल्या चिरांमागे बुरशी असू शकते, लोह किंवा बी जीवनसत्त्वांची कमतरताही असू शकते.