कूलरचा करंट आणि ठेकेदाराचा चाचणी अहवाल : तक्रार सुटल्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या आणि जमिनीच्या भागात, आम्ही नवे घर बांधले, तेव्हा वायरिंगचे काम मुद्दाम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे दिले. वीजजोडणीसाठी त्याच्याच सहीचा चाचणी अहवाल जोडला होता आणि त्यात अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, योग्य असल्याचे नमूद होते. तरीही पहिल्याच उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते, म्हणून "भाऊ, पाण्याचा कूलर आहे, थोडाफार करंट तर येतेच," हे ठेकेदाराचे उत्तर मला अजिबात मान्य नव्हते.

तक्रारीला खरा आधार मिळाला तो मोजणीतून. ओळखीच्या एका आयटीआय निदेशकांनी अर्थ टेस्टर आणून अर्थिंगचा रोध, म्हणजे करंटला जमिनीत जाताना होणारा अडथळा, मोजला. घरगुती जोडणीत तो साधारणतः पाच ओहमच्या आत असावा अशी अपेक्षा असते. आमच्याकडचा आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. मग त्यांच्यासमोरच अर्थिंगचा खड्डा उकरला. भारतीय मानक ३०४३ प्रमाणे जमिनीत पुरायची जस्तलेपित नळी निदान अडीच मीटर लांब हवी. आत निघाला जेमतेम कमरेएवढा तुकडा. अर्थिंगची तार नट-बोल्टने कसलेली नव्हती, नळीला नुसता पीळ देऊन गुंडाळलेली होती आणि हाताने ओढताच गंजाच्या पापुद्र्यासह सुटून आली. शेजारी टेप धरून आम्ही या सगळ्याचे फोटो काढले.

आमच्याकडे जमीन खारी असल्याने अर्थिंग आपोआप चांगले मिळते, असे अनेक जण सांगतात. ओल असेपर्यंत त्यात तथ्य आहे. पण तोच खार लोखंड लवकर खातो, आणि वैशाखात काळ्या मातीला भेगा पडल्या की उथळ नळीभोवतीची माती तिला सोडून देते. अशा वेळी कूलरच्या पंपातून पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीकडे जायला वाट उरत नाही, आणि एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तो जादा भार किंवा शॉर्टसर्किट ओळखतो, माणसाच्या अंगातून जाणारी गळती ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. आमच्या अंदाजपत्रकात तो होता, बोर्डात नव्हता.

ठेकेदाराला आधी लेखी पत्र पाठवले, पोच मिळेल अशा टपालाने. त्यात अंदाजपत्रक, पैसे दिल्याच्या पावत्या, मोजणीचा आकडा, फोटो आणि दुरुस्तीसाठी मुदत एवढेच ठेवले. रागाचे एक वाक्यही घातले नाही. मुदत संपूनही उत्तर आले नाही, म्हणून विद्युत निरीक्षक आणि ग्राहक हेल्पलाइन अशा दोन ठिकाणी अर्ज केले. या दोन वाटांची कामे वेगळी आहेत, हे प्रत्येक घरमालकाने नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. विद्युत निरीक्षकाकडे सुरक्षिततेची आणि परवानाधारकाच्या कामाची तक्रार करता येते. मात्र आपले पैसे तेथून परत मिळत नाहीत. पैशांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत तक्रार नोंदवता येते, पण ती तडजोडीचा प्रयत्न करते, आदेश देत नाही. आदेश जिल्हा ग्राहक आयोग देतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, कामाचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावणे बंधनकारक नाही.

आम्हाला आयोगापर्यंत जावे लागले नाही. निरीक्षकाकडून पाहणी होणार हे कळल्यावर ठेकेदार स्वतः घरी आला. माझ्या मते त्याला आमच्या पैशांपेक्षा परवान्याची काळजी जास्त होती, आणि परवानाधारक माणसाला काम देण्याचा घरमालकाला हाच सर्वांत मोठा फायदा आहे. तोंडी आश्वासनावर मात्र आम्ही थांबलो नाही. पूर्ण लांबीच्या दोन नळ्या एकमेकींपासून अंतर राखून बसवणे, पाणी घालण्यासाठी झाकणासह विटांची चौकट करणे, आरसीसीबी लावणे, आणि पावसाळ्यात नव्हे तर जमीन कोरडी असताना पुन्हा मोजणी करणे, हे सारे तडजोडपत्रात लिहून दोघांनी सह्या केल्या. ओल्या जमिनीतली मोजणी नेहमीच चांगली येते. म्हणून ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

दुरुस्तीनंतर पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उकाडाही गेला. त्या उकाड्यात कूलर रात्रंदिवस चालला आणि पत्र्याला एकदाही करंट जाणवला नाही. मध्यंतरी पाण्याची जुनी मोटर लावताच आरसीसीबी पडला; तपासल्यावर मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल निघाली. तो नसता तर हा दोष कोणाच्या तरी हाताला कळला असता. त्याचे टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबून पाहतो आणि अर्थिंगच्या चौकटीत आठवड्याला बादलीभर पाणी घालतो.

ठेकेदाराची थोडी रक्कम अजून आमच्याकडे राखून आहे. एप्रिलमध्ये त्याच निदेशकांसमोर मोजणी होईल आणि आकडा पाच ओहमच्या आत आला, तरच ती द्यायची असे ठरले आहे.