३ टनी जॅक स्टँड, चार नग: लोखंड टणक, साखळी भिकार

अलॉय व्हील्स पावडर कोट करून घ्यायच्या हे गेल्या वर्षीपासून मनात होतं. भोसरी एमआयडीसीतला कोटिंगवाला म्हणाला, चारही रिम एकदम द्या, एकाच लॉटमध्ये भाजल्या तर छटा जुळते. टायर उतरवा, जुना रंग काढा, ब्लास्टिंग करा, पावडर मारून भट्टीत १८०-२०० अंशांना भाजा. "तीन-चार दिवसांत देतो, साहेब." हे तीन-चार दिवस किती लांबतात ते पुणेकरांना सांगायला नको.

तोवर गाडी कशावर उभी करायची? गॅरेजात ठेवली तर रोजचं भाडं, स्टीलच्या रिम टायरसकट आणल्या तर भाडं अधिक डिपॉझिट. तेवढ्या पैशांत चार घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे जॅक स्टँड, कायमच्या घरच्या होत होत्या. घेतल्या. विटांचा किंवा सिमेंट ब्लॉकचा सल्ला देणाऱ्यांना एवढंच सांगतो की ब्लॉक वाकत नाही, चरचरत नाही, एकदम फुटतो.

माझी होंडा सिटी, वजन अकराशे किलोच्या आतबाहेर. त्यामुळे चार नगांना ३ टन म्हणजे चैनच. लेबल मात्र नीट वाचा: आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा? काही कंपन्या जोडीचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात. माझ्या स्टँडवर "प्रति नग" आहे. पाय रुंद, वेल्डिंग स्वच्छ, रॅचेटचा, म्हणजे खांब वर ओढला की दात्यात खिटी अडकवणाऱ्या कुलपाचा, आवाज ऐकून समाधान वाटावं असा. पहिल्याच दिवशी पाच तारे देऊन टाकले होते.

खरी कटकट जमिनीची निघाली. सोसायटीच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक. घोडीचे चार पाय म्हणजे चार टोकं, खालची वाळू धुपलेली असली की एखादा ब्लॉक बसतो आणि घोडी कलते. त्याहून वाईट ट्रॉली जॅकचं, म्हणजे गाडी उचलायच्या चाकवाल्या जॅकचं. गाडी वर जाताना जॅकला थोडं पुढे सरकावं लागतं, पण त्याची चिमुकली चाकं ब्लॉकच्या फटीत अडकतात. जॅक सरकला नाही की गाडी सरकते, आणि दुसऱ्या टोकाला आधीच घोड्यांवर ठेवलेली असेल तर तिकडच्या घोड्या तिरक्या होतात. सुताराकडून १८ मिमी प्लायचे तुकडे आणले, घोड्यांखाली एकेक आणि जॅकखाली एक लांब. मग चाकं गुळगुळीत फिरली. पुढचं टोक एकदम टोकापर्यंत उचलू नका. पुढे दोन दाते, मागे दोन दाते, पुन्हा पुढे, असं चढवा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. आणि रबराचे खाच असलेले पॅड वेगळे विकत घ्या, ते बरोबर येत नाहीत. नुसत्या लोखंडावर सिलची (दाराखालच्या पट्टीची) कड दुमडते, रंग तडकतो आणि गंज तिथूनच धरतो.

आता साखळीकडे येतो. रॅचेटशिवाय या घोडीला एक आडवी पिन आहे. खांबाच्या भोकातून आरपार घालायची, म्हणजे खिटी दात्यावरून निसटली तरी गाडी खाली येत नाही. ही पिन बँकेतल्या पेनाला बांधतात तसल्या साखळीने लटकवलेली आहे आणि ती साखळी इतकी आखूड की वरच्या दोन भोकांपर्यंत पिन पोचतच नाही! चाकं काढायची तर घोडी वरच ठेवावी लागते, म्हणजे जिथे पिन हवी नेमकी तिथेच ती लागत नाही. एका घोडीची कडी तर नखाने उघडली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "पिन ही अॅक्सेसरी आहे, वॉरंटीत येत नाही." मी विचारलं, मग डबल लॉक असं खोक्यावर कशाला छापलंत? दुसऱ्या माणसाने पहिल्यापासून सगळं परत विचारलं. तिसऱ्याने पूर्ण सेट परत पाठवायला सांगितलं. अहो, त्यावर गाडी उभी आहे!

साखळीवरून एवढा तमाशा कशाला, असं घरी ऐकून झालंय. पण २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारं विकणाऱ्या कंपनीने पिट्सबर्ग ब्रँडच्या ३ आणि ६ टनी घोड्या लाखोंनी परत मागवल्या होत्या. साचे झिजल्यामुळे दाते आणि खिटी नीट अडकत नव्हती, वजन हललं की घोडी अचानक बसायची. बदली दिलेल्यांपैकी काहींत पुढे वेल्डिंगचा दोष निघाला. रॅचेट कितीही खणखणीत वाजलं तरी दुसरं कुलूप हवंच. शेवटी बोहरी आळीतून बारीक वायर रोप आणून चारही पिनांना लांब बांधली. खर्च चहा-वडापावाइतका. पाचाचे तीन तारे तेव्हाच केले.

पुढच्या दिवसांत मात्र मत थोडं सुधारलं. बंपरला धरून जोर लावून हलवली, गाडी ढिम्म. तरी सिलखाली सागवानी तुकडे आडवे-उभे रचले आणि एका बाजूला स्टेपनी सरकवून ठेवली. मागे ड्रम ब्रेक असतील तर चाकं काढल्यावर नट उलटसुलट का होईना, स्टडवर परत लावा. नाहीतर ड्रम सैल राहतो, आणि कोणी हौसेने ब्रेक दाबला तर आतले शू बाहेर ढकलले जातात. वॉचमनने दोनदा विचारलं, "साहेब, चाकं चोरीला गेली का?" चिंता त्याची नव्हती, पोरांच्या क्रिकेटची होती. बॉल गाडीखाली गेला की काठीने काढायचा, हात घालायचा नाही, हे सांगून चारही बाजूंनी दोरी बांधली.

रिम आल्या, सुंदर आल्या. पण नट बसतात त्या खोलगट जागा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा मागचा भाग मास्क करून घ्या, हे कोटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा. तिथे पावडरचा थर राहिला तर दाबाने तो चिरडतो आणि नट ढिले पडतात. १०८ न्यूटन मीटरला आवळल्यानंतर शंभरेक किलोमीटर चालवून मी पुन्हा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) लावला, दोन नट थोडे फिरले.

आता महिने झाले. पावसात दात्यांवर गंजाची पिवळी लव आली, तेलाचा हात दिला की जाते. पायांचा काळा रंग उडालाय, मला फरक पडत नाही. एक जोडी कायम बी विंगमधल्या काकांकडे असते, ऑइल बदलायच्या नावाखाली. तिथे पिन लावतात का ते मी जाऊन बघतो.

सध्या साडेतीन तारे. पुढच्या वेळी रॅचेट घेणार नाही, नुसत्या जाड पिनवाल्या घोड्या घेईन. उंची कमीजास्त करायला वैताग, पण त्यात पिन हेच मुख्य कुलूप असतं, तिला अॅक्सेसरी म्हणायची कोणाची टाप नाही.