तुवे की तेनीआ? आधी मराठीत विचारा

स्पॅनिशचे पहिले काही महिने मजेत जातात. मग भूतकाळ येतो आणि 'तेनेर' (जवळ असणं, बाळगणं) हे रोजच्या वापरातलं क्रियापद दोन रूपं घेऊन समोर उभं राहतं: तुवे आणि तेनीआ. आपल्यापैकी बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतात. तिथे दोन्हींचा अर्थ 'हॅड' असा लिहिलेला असतो, आणि पुढचं वर्षभर माणूस अंदाजपंचे बोलतो. माझं ऐकाल तर इंग्रजीला मध्ये घेऊ नका. हा भेद मराठी माणूस शाळेत जायच्या आधीपासून करतो.

पाठांतरापुरतं पाहिलं तर तेनीआ गरीब गाय आहे: तेनीआ, तेनीआस, तेनीआ, तेनीआमोस, तेनीआइस, तेनीआन. या भूतकाळी रूपांत अख्ख्या भाषेत अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणं), इर (जाणं) आणि वेर (पाहणं). तुवे मात्र खोडकर: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविस्तेइस, तुविएरोन. मूळचं 'तेन' पार गायब. तुवे आणि तुवो यांत आघातही पहिल्या अक्षरावर, तू-वे. नियमित 'आब्ले'सारखा (मी बोललो) शेवटी नाही. तरी हे पाठ केलेलं वाया जात नाही, कारण एस्तुवे (मी होतो), आन्दुवे (मी चाललो), पुदे (मला जमलं), सुपे (मला कळलं) ही मंडळी हेच प्रत्यय लावून फिरतात. लॅटिन अमेरिकेपुरतंच शिकायचं असेल तर दोन्हींतलं पाचवं रूप सोडून द्या. तिथे 'तुम्ही'ला उस्तेदेस म्हणतात आणि त्याला सहावं रूप लागतं.

खरी अडचण निवडीची. त्यासाठी माझी कसोटी: मनातलं वाक्य मराठीत म्हणा. 'होतं' आलं तर तेनीआ; 'झालं', 'आलं', 'मिळालं', 'लागलं' असं काही आलं तर तुवे. 'तिला मुलगा होता' म्हणजे तेनीआ उन इखो. 'तिला मुलगा झाला' म्हणजे तुवो उन इखो. पहिल्यात मुलगा आधीपासून आहेच, दुसऱ्यात तो जन्माला येतोय. स्पॅनिशमध्ये क्रियापद एकच, नुसतं रूप बदललं. साबेरचंही (माहीत असणं) तेच: साबीआ म्हणजे 'माहीत होतं', सुपे म्हणजे 'कळलं'.

सगळ्यात उपयोगी जोडी 'तेनेर के'ची (करावं लागणं) आहे, कारण सबबी सांगताना हीच लागते. 'तेनीआ के इर आल मेदिको', मला डॉक्टरांकडे जायचं होतं. गेलात की नाही, ते गुलदस्त्यात. 'तुवे के इर आल मेदिको', मला डॉक्टरांकडे जावं लागलं. म्हणजे गेलातच. मी एकदा क्लासला दांडी मारल्यावर तेनीआ वापरलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग गेलात का शेवटी?" तेव्हापासून चुकलो नाही. (तेनीआ के 'जावं लागायचं' या सवयीच्या अर्थानेही येतं, पण ते संदर्भावरून लगेच कळतं.)

व्हेनेझुएलात जन्मलेल्या आन्द्रेस बेय्यो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात तेनीआच्या काळाला 'कोप्रेतेरितो' असं नाव दिलं: दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबतीने चालू असलेला भूतकाळ. मेक्सिकोत हे नाव अजून चालतं. मला ते 'अपूर्ण' या नेहमीच्या नावापेक्षा कितीतरी नेमकं वाटतं. वय याच खात्यात पडतं. 'मी सात वर्षांचा होतो तेव्हा' हे कुआन्दो तेनीआ सिएते आन्योस. इथे तुवे घातलंत तर ऐकणारा नक्की अडखळेल.

आता माझ्या कसोटीतली खोट. 'आमच्याकडे दहा वर्षं कुत्रा होता.' मराठीत होता, म्हणून तुम्ही तेनीआमोस म्हणणार. पण स्पॅनिशला इथे तुविमोस हवं: तुविमोस उन पेर्रो दिएस आन्योस. काळ मोजून दिला, त्याला शेवट आला, की हिशेब बंद, मग आत कितीही वर्षं असोत. 'मी तीन वर्षं माद्रिदला होतो' हेसुद्धा एस्तुवे. मराठीचं बोट धरून चालणारे नेमके इथे पडतात, तेव्हा आकडा दिसला की थबका.

राहिलं भूतकाळाचं तिसरं रूप, ए तेनीदो, म्हणजे इंग्रजीतलं 'आय हॅव हॅड'. याचा निर्णय व्याकरणापेक्षा नकाशावर अवलंबून आहे. माद्रिदमध्ये आज सकाळच्या मीटिंगबद्दल सांगताना 'ओय ए तेनीदो उना रेउनिओन' म्हणतात. मेक्सिकोत किंवा ब्युनोस आयर्समध्ये त्याच वाक्याला सहज 'ओय तुवे'. स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरही कल तुवेकडे आहे. सुरुवात करणाऱ्याने आधी तुवे आणि तेनीआ पक्कं करावं. स्पेनला शिकायला किंवा नोकरीला जायचं ठरलं असेल, तर मात्र ए तेनीदो पहिल्या महिन्यापासूनच तोंडात बसवावं.