आठ महिने, तीन बाटल्या: डाळिंबाच्या काकवीचा अनुभव

मी मूळचा सांगोल्याकडचा. आमच्या सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं असून डाळिंबाचा रस आटवून त्याची काकवी करतात हे मला कळलं शारजात आल्यावर. अरबीत दिब्स रुम्मान, तुर्कीत नार एकशिसी, फारसीत रुब्बे अनार. इथल्या दुकानात तिन्ही एकाच फळीवर मांडलेल्या असतात. आठ महिन्यांत तीन बाटल्या झाल्या, म्हणून लिहायला बसलोय.

घेतली ती चुकीच्या हिशेबानं. वाटलं, चिंच आणि गूळ एकाच बाटलीत मिळतायत, कोळ काढायची कटकट गेली. पहिल्याच आठवड्यात तुरीच्या आमटीत दोन चमचे घातले. आमटी आंबट झाली, गोडही झाली, पण मागून साल चघळल्यासारखा तुरटपणा यायला लागला आणि गोड्या मसाल्याशी त्याचं काही जमेना. बायकोनं दोन घास खाल्ले आणि लोणचं मागितलं. पुढं सांबार आणि पन्हं यांच्यावरही हात आजमावला. तेही नाहीच. आपल्याकडच्या पदार्थांत फक्त भरली वांगी टिकली, तीही चिंचेऐवजी एकच चमचा घालून. वांगं आणि डाळिंब यांचं तिकडच्या स्वयंपाकातही जमतं, त्यामुळे ते श्रेय माझं नाही.

अर्धा दोष बाटलीचाही होता. सगळ्यात स्वस्त होती ती उचलली. घरी येऊन मागचं लेबल वाचलं तर ग्लुकोज सिरप, पाणी, सायट्रिक ॲसिड, कॅरॅमलचा रंग, आणि डाळिंब नावापुरतं. तुर्की बाटल्यांवर ही गोम नावातच कळते. ‘नार एकशिसी’ म्हणजे आटवलेला रस, ‘नार एकशिली सोस’ म्हणजे त्या चवीचा सॉस. अक्षरांत फरक किरकोळ, चवीत भलताच. दुसरी बाटली लेबनॉनची घेतली, घटक एकच: डाळिंबाचा रस. तिसरी इराणी, ती आणखी काळी, दाट आणि जास्त आंबट. दोन-अडीचपट पैसे पडले, पण चमचाही निम्माच लागतो.

चिंचेचा हट्ट सोडला आणि ही वस्तू ज्यांची आहे त्यांचे पदार्थ करायला घेतले, तेव्हा कुठं बाटली भराभर संपायला लागली.

आमच्याकडे दर पंधरवड्याला होतो तो सीरियातल्या हलबचा, म्हणजे अलेप्पोचा मुहम्मरा. तीन लाल ढोबळ्या मिरच्या भरताच्या वांग्यासारख्या गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, साल काढायची, वाटीभर अक्रोड, मूठभर ब्रेडचा चुरा, लसूण, जिरं, मिरचीपूड आणि ऑलिव्ह तेल घालून भरड वाटायचं. काकवी दोन चमचे, आणि वर एक धार. गुळगुळीत वाटलंत तर मजा गेली. भाकरीबरोबर तर असा लागतो की बस.

फत्तूशच्या कोशिंबिरीला लिंबाबरोबर ही चमचाभर घालतात. त्यातली बक्ले नावाची पालेभाजी म्हणजे आपला घोळच, हे कळल्यापासून ती जुडी मी हक्कानं घेतो. आणि दमास्कसचा ‘हर्राक इसबओ’! नावाचा अर्थ बोट भाजून घेणारा. अख्खा मसूर, त्यात कणकेचे तुकडे शिजवलेले, चिंच आणि डाळिंबाची काकवी, वर तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर. आमच्या चकोल्यांची सख्खी बहीण. चिंच आणि ही एका भांड्यात सुखानं नांदतात हे पाहून मला माझ्या आमटीची जरा लाजच वाटली.

फेसेंजानला मात्र तीन वेळा हरलो. हा इराणी पदार्थ, अक्रोड आणि काकवीच्या रश्शात मंद शिजवलेली कोंबडी. पहिल्यांदा अक्रोड जुने, खवट होते. सगळं पातेलं कडू. दुसऱ्यांदा काकवी सुरुवातीलाच सगळी ओतली, ती आटून अंगावर येण्याइतकी आंबट झाली. तिसऱ्यांदा घाई नडली. मग ऑफिसातल्या, इराणातल्या रश्त शहराच्या सहकाऱ्यानं समजावलं: अक्रोडाचा कूट आपल्या शेंगदाण्याच्या कुटाहून बारीक हवा, पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवायचा, मधेमधे बर्फाचे खडे टाकायचे, म्हणजे तेल सुटून वर येतं. त्यानंतर कोंबडी, आणि काकवी थोडी थोडी, चाखत. त्यांच्या गिलान प्रांतात आंबट करतात, इतर बऱ्याच ठिकाणी साखर घालून गोडसर. मी मधला मार्ग धरला. त्यानंच आणखी एक सांगितलं, की रंग काळा यावा म्हणून जुन्या बायका पातेल्यात लोखंडाचा तुकडा टाकत. तेव्हा माझी भरली वांगी लोखंडी कढईत शाईसारखी का झाली होती त्याचा उलगडा झाला. डाळिंबातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. तेव्हापासून स्टीलचंच भांडं.

जानेवारीत गावी गेलो, तेव्हा मृग बहाराची तोडणी चालली होती. तडकलेली, तेल्या रोगाचे डाग पडलेली फळं व्यापारी मातीमोल मागतो, म्हणून दहा किलो बाजूला काढली. आई म्हणाली, “डाळिंब कुठं आटवत्यात व्हय?” पहिला घाणा मिक्सरमध्ये गरगर फिरवला, बिया फुटून रस कडसर झाला, तो गेला वाया. पुढचे दाणे फडक्यात पिळले. सगळं मिळून तीनेक लिटर रस निघाला, पसरट पातेल्यात अडीच तासांत अर्धा लिटरच्या आसपास उरला. गरम असताना पातळ वाटला म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवला. गार झाल्यावर बघतो तर गोळीबंद पाक. पाणी घालून सोडवला. चव? छान, पण ती नव्हे. आमचा भगवा वाण गोड, त्याला मुळात आंबटपणा कमी. चार लिंबं पिळली तेव्हा जरा ताळ्यावर आला. गॅस, वेळ आणि मेहनत धरली तर बाटली विकत घेणं स्वस्त पडतं, हे शेतकऱ्याच्या पोरानं कबूल करायला जड जातंय. आई मात्र ते भाकरीबरोबर तेल घालून खाते.

तक्रारी म्हणाल तर बाटलीचं झाकण. एकदा तोंड न पुसता ठेवली की पुढच्या वेळी पक्कडच लागते. गरम पाण्याखाली धरायची, सुटतं. इथल्या उन्हाळ्यामुळे मी फोडलेली बाटली फ्रिजात ठेवतो, तर ती इतकी घट्ट होते की ओतायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढावी लागते. आणि औषध समजून पिणाऱ्यांसाठी: रस आटला तरी साखर आटत नाही, मोठ्या चमच्यात दहा ग्रॅमच्या वर सहज. आमच्या ओळखीच्या एका काकांना मधुमेह आहे, ते ‘फळाचंच आहे’ म्हणून रोज घेत होते. त्यांना लेबल वाचून दाखवावं लागलं.

सध्या इराणी बाटली तळाला आलीय. तळाचं काही केल्या बाहेर येत नाही, तेव्हा त्यात गार पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून बाटली खळखळून हलवतो आणि उभ्याउभ्याच पितो. पन्ह्यात फसली होती, यात नाही फसत.