चारही बाजूंना ‘उर्वरित मिळकत’: कोकणात डोंगरावरचा प्लॉट घेणाऱ्यांसाठी

एकूण १२,९६,५०० रुपये गेले. जमिनीचे ९,००,००० चेकने, गुंठ्याला ४५,००० या दराने २० गुंठ्यांचे. ‘डेव्हलपमेंट’चे ३,२५,००० वेगळ्याच खात्यावर, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरच्या नोटरी करारावर. मुद्रांक, नोंदणी आणि वकील मिळून ७१,५००. या पैशांत तळकोकणातल्या एका गावाच्या सातबाऱ्यावर नाव लागलं. त्या नावावर आता वनखात्याची नोटीस आली आहे आणि खालच्या वाडीने तहसीलदारांकडे दावा लावला आहे. आमची जमीन नेमकी कुठे, हे मात्र एकही कार्यालय दाखवू शकत नाही. आम्ही सातजण फसलो. लाजेपोटी बाकीचे बोलत नाहीत, आणि त्याच डोंगराच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, प्लॉटचे नवे पांढरे दगड रोवणं चालूच आहे. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

सड्यावर नेऊन समुद्र दाखवायचा, रंगीत नकाशा हातात द्यायचा, ‘दोन प्लॉट उरलेत’ म्हणायचं, विसार घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरी फसवणूक कागदात असते.

सर्व्हे नंबर एकच, क्षेत्र १४ हेक्टर ६२ आर, सातबाऱ्यावर ३१ नावं. वाटप कधीच झालेलं नाही. दलालाने मुंबईत राहणाऱ्या तीन हिस्सेदारांचा मिळून १ हेक्टर १२ आरचा अविभक्त हिस्सा घेतला आणि सातजणांना १४० गुंठे विकले. १४० गुंठे म्हणजे सुमारे १ हेक्टर ४२ आर. हातात होतं त्यापेक्षा ३० आर जास्त. पाचजणांचे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावण्याच्या नोंदी, मंजूर झाले, शेवटच्या दोघांचे ‘क्षेत्र शिल्लक नाही’ म्हणून नामंजूर. २० गुंठे हा आकडाही मुद्दाम निवडलेला. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा विकायला तुकडेबंदी कायद्याची आडकाठी असते ते, २० गुंठे धरलं जातं, त्यामुळे दस्त अडकत नाही आणि घेणाऱ्याला वाटतं सगळं कायद्यात बसतंय.

आता खरेदीखतातल्या त्या चार ओळी. पूर्वेस: सदर सर्व्हे नंबरची उर्वरित मिळकत. पश्चिमेस: सदर सर्व्हे नंबरची उर्वरित मिळकत. दक्षिणेस तेच, उत्तरेसही तेच. चतुःसीमेत ना शेजाऱ्याचं नाव, ना रस्ता, ना व्हाळ (ओढा), ना गडगा (दगडी बांध). याचा अर्थ ते २० गुंठे १४ हेक्टरांत कुठेही असू शकतात, आणि कुठेच नसूही शकतात. दाखवला सपाट सडा, कागदावर विकला फक्त हिस्सा. सगळा व्यवहार तिथेच थांबायला हवा होता. त्या ओळी वकिलाने वाचल्या, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात वाचल्या गेल्या, साक्षीदारांनी खाली सह्या केल्या. वकील दलालानेच आणलेला होता, हे नंतर उघड झालं. सातबारा, आठ अ, शेतकरी दाखला, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सगळं मागून घेतलं होतं. सामान्य माणसाने याहून काय करायचं? सर्च रिपोर्टमध्ये ‘टायटल क्लिअर’ असं ठळक छापलेलं होतं. हिस्सा क्लिअर होताच. जागा नव्हती. या फरकावरच तो धंदा उभा आहे.

वकील स्वतःचा करा. तालुक्याच्या गावचा नको, जिल्ह्याच्या ठिकाणचा.

मोजणी आधी, पैसे नंतर. भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी झालेली आणि शिक्क्याची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आलेली असेल तरच बोला. दलालाच्या लेआऊटवर उत्तर दिशेचा बाण नव्हता, प्रमाण नव्हतं, भूकरमापकाची सही नव्हती, नगररचनेची मंजुरी नव्हती. तो नकाशा म्हणजे निव्वळ चित्र. आणि ५०० चौरस मीटरवरच्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर सहसा महारेराची (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते. ‘ही शेतजमीन आहे, रेराचा संबंध नाही’ असं जो म्हणतो त्याला विचारा, मग रस्ता, गेट आणि क्लबहाऊसचे पैसे कशाचे?

सातबाऱ्यावरचा आकार, म्हणजे शेतसारा, तोही बघा. या १४ हेक्टरांचा आकार ३ रुपये ४४ पैसे. इतका कमी आकार बहुतेक वरकस किंवा डोंगर जमिनीचा असतो. वरकस म्हणजे भातशेतीला लागणाऱ्या राबाची, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठीच्या पालापाचोळ्याची, जमीन. खालच्या खाचरांसाठी कवळ (पानांच्या फांद्या) तोडायची, गवत कापायचं, भाजावळ करायची, पावसाळ्यानंतर गुरं सोडायची. कागदावर ३१ नावं असली तरी वापर सगळ्या वाडीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. मुंबईकर हिस्सेदारांनी वापरलेली नसते, म्हणून त्यांना ती ‘पडीक’ वाटते आणि स्वस्तात जाते. घेणाऱ्याला कुंपण घालायचं असतं. भांडण व्यवहारातच पेरलेलं असतं आणि त्याची झळ दलालाला कधीच लागत नाही. पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र किती तेही वाचा. ‘ब’ वर्गाचा पोटखराब रस्त्याचा, नाल्याचा, सार्वजनिक वापराचा असतो. त्यावर कुणी प्लॉट देत असेल तर उठून चालू लागा.

खाजगी वन हा सगळ्यात खोल खड्डा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ प्रमाणे ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वनं शासनाकडे गेली. त्यात भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ३५(३)च्या नोटिसा निघालेल्या जमिनीही आल्या. आमच्या सर्व्हे नंबरच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर, इतर हक्कात, तसा फेरफार क्रमांक स्पष्ट लिहिलेला आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर तो उतरलाच नाही. दलालाने ऑनलाइन उताराच दाखवला, डिजिटल सहीचा, म्हणजे कुणाला शंका यायला जागा नाही. १९७५च्या आधीपासूनचे हस्तलिखित उतारे आणि त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. वनखात्याकडे सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा. तोंडी उत्तराला किंमत नाही. दलालाची दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘सुप्रीम कोर्टाने खाजगी वनं रद्द केली’. २०१४च्या त्या निकालाचा रोख बजावल्याच न गेलेल्या नोटिसांवर होता. प्रत्येक जमिनीचं उत्तर वेगळं निघतं. दुसरं, ‘गाव इको-सेन्सिटिव्हच्या (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावांच्या) यादीत नाही’. पश्चिम घाटाच्या मसुद्यांची यादी, अगदी ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्याचीसुद्धा, वेगळी आणि खाजगी वनाची नोंद वेगळी. एकात नाव नाही म्हणून दुसरी पुसली जात नाही.

‘डेव्हलपमेंट’च्या ३,२५,००० मध्ये काय झालं? जेसीबीने उतारावर रस्ता कापला. लेव्हल पाईप (पाणी भरलेली नळी) लावून मोजलं तर तिथे १० मीटरला ३ मीटर उतार भरतो. १:५ पेक्षा जास्त उतारावर, म्हणजे ५ मीटरला १ मीटरहून जास्त, बांधकामाला परवानगी मिळत नाही. लेव्हल पाईप, दोन काठ्या आणि टेप इतकंच लागतं, जागा बघायला जाताना घेऊन जा. आपल्या सड्यांवर वर जांभ्याचा कातळ आणि खाली पांढरट चिकणमाती असते. कातळातून मुरलेलं पाणी त्या मातीवर अडतं आणि दोन्ही थरांच्या सांध्यावर झरा म्हणून बाहेर येतं. रस्ता बरोबर त्या सांध्यावरून कापला. वाडीचं पाणी त्याच झऱ्यावरून पाईपने यायचं, ते तुटलं. खोदलेली माती उतारावरच ढकलली, ना चिऱ्यांचा बांध घातला ना पाण्याला वाट ठेवली. पहिल्याच पावसात ती खालच्या भातखाचरांत उतरली. जुलै २०२१ मध्ये तळीये आणि पोसरे इथे दरडींनी काय केलं ते बघितल्यावरही कापलेला उतार असा उघडा सोडणाऱ्याला काय म्हणावं? वाडीचा संताप शंभर टक्के खरा आहे. फक्त नोटिशीवर नावं आमची आहेत, कारण सातबाऱ्यावर आमची आहेत.

आणि कार्यालयं! तलाठी म्हणाले, नोंद नियमाप्रमाणे केली. निबंधक कार्यालय म्हणालं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. भूमी अभिलेखने मोजणीचा अर्ज परत केला, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती किंवा वाटपाचा आदेश जोडा. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप मागावं तर ३१ जणांना नोटिसा, त्यातले काही मयत, वारस नोंदी नाहीत. वनखातं म्हणतं जमीन आमची, तोड तुमची. आमच्या अंगणातलं झाडसुद्धा आम्ही न विचारता तोडलेलं नाही, इथे दलालाच्या जेसीबीने आडवी केलेली झाडं आमच्या नावावर. वाडीने मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे वाट आणि पाणी अडवल्याचा दावा लावला, त्यातही प्रतिवादी आम्हीच. जमीन शासनाची होती तर शासनाने तिच्या विक्रीवर मुद्रांक शुल्क घेतलं कसं? फेरफार मंजूर केला कसा? एकाच सरकारचं एक खातं पैसे घेऊन नाव लावतं आणि दुसरं त्या नावावर गुन्हा लावतं, आणि या दोघांच्या मध्ये जाब विचारायला माणूस सापडत नाही. पोलिसांचा शेरा एका ओळीचा: ‘बाब दिवाणी स्वरूपाची’.

तो शेरा मान्य करू नका. जवळ नसलेलं क्षेत्र विकणं म्हणजे व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच लबाडी. १ जुलै २०२४ नंतरच्या व्यवहारांना भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. तक्रारीला दलालाच्या खरेदीची आणि त्याने केलेल्या सगळ्या विक्रीची सूची २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) जोडा, क्षेत्राची बेरीज समोर मांडा. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) प्रमाणे अर्ज. दस्त रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्या दिवसापासून. त्यामुळे कळल्याचा पुरावा, म्हणजे मोजणीचा अर्ज परत आल्याचं पत्र किंवा वनखात्याची नोटीस, पाकिटासकट ठेवा.

नवा रस्ता, नवं कुंपण यातलं काही स्वतः करू नका आणि दलालालाही करू देऊ नका. जेसीबी दिसला तर त्याच दिवशी तहसीलदार आणि वनक्षेत्रपालांना लेखी कळवा, फोटोवर तारीख ठेवा. वाडीच्या माणसांशी आधी बोला. त्या सड्यावर कुणाची गुरं चरतात आणि पाणी कुठून येतं हे सातबाऱ्यापेक्षा त्यांना जास्त नीट माहीत असतं, आणि आमच्या दलालाने साईट दाखवताना वाडीच्या बाजूने गाडी कधीच नेली नाही.