भिंत मोठी आहे, जेवणाचं तेवढं आधी बोलून घ्या

या मिटिंग रूमला पाचातले चार स्टार देतोय, एक कापला तो जेवणाचा, ते खाली सांगतो.

आमचा करसल्लागारांच्या संघटनेचा बेळगाव चॅप्टर, म्हणजे शाखा आहे. आपापलं ऑफिस सांभाळून फुकटात राबणारे लोक सगळे, पगारी माणूस एकही नाही. २०२६-२७ चं प्लॅनिंग करायला जुनी कमिटी आणि नवी येणारी कमिटी एकत्र बसवायची होती. कुणाच्या तरी ऑफिसात बसलं की त्याचे क्लायंट मध्येच डोकं घालतात, "सर एकच मिनिट ओ, नोटीस आलीय", की झालं, मिटिंग गेली. म्हणून टिळकवाडीतली ही रूम अर्ध्या दिवसाला घेतली.

रूममधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एक लांबच्या लांब मोकळी भिंत. फ्रेम नाही, वॉलपेपर नाही, काही नाही. मोठ्या हॉटेलांच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये भिंतीला नुसता हात लावला तरी माणूस धावत येतो, इथल्या मॅनेजरनं स्वतःच टेप आणून दिली. एप्रिल ते मार्च बारा चार्ट पेपर ओळीनं लावले. प्रोजेक्टर आहे, चांगला आहे म्हणे, आम्ही चालू पण केला नाही, कारण प्रोजेक्टर लावला की एकटा बोलतो आणि बाकीचे मोबाईल बघत बसतात. भिंतीसमोर सगळ्यांना उठून उभं राहावं लागतं, मग न बोलणारी माणसं पण बोलायला लागतात.

आता जे कुणी अशा कामासाठी ही रूम बघत असतील त्यांना सांगतो, कार्यक्रम काय करायचे ते आधी लिहू नका, कुठल्या तारखा मेलेल्या आहेत ते लाल पेननं आधी मारा. आमच्या धंद्यात दर महिन्याची ७ टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरायची, ११ आणि २० जीएसटीच्या रिटर्नची, आणि तीन महिन्यातून एकदा १५ तारखेला अ‍ॅडव्हान्स टॅक्स, हे तर मारलंच. त्यावर बेळगावच्या तारखा. एप्रिलात आपली शिवजयंती, १९ फेब्रुवारीची नव्हे ओ, वैशाखातली, चित्ररथाच्या रात्री गावात गाडी हलत नाही. १ नोव्हेंबर सांगायलाच नको, त्या दिवशी निम्मे मेंबर राज्योत्सवाच्या मिरवणुकीत आणि निम्मे काळ्या दिनाच्या फेरीत. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन लागलं की बाहेरून येणाऱ्या स्पीकरला लॉजची खोली मिळायची मारामार, आणि ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक रिटर्न आहेच. सप्टेंबर तर बघायलाच नको, १४ ला गणपती, १५ ला अ‍ॅडव्हान्स टॅक्स, २५ ला विसर्जन आणि ३० ला टॅक्स ऑडिट. अख्खा चार्ट लाल. दरवर्षी सप्टेंबरात एक सेमिनार ठेवायचा आणि दहा टाळकी आली म्हणून सेक्रेटरीला बोल लावायचा, हा उद्योग भिंत बघितल्यावर एका मिनिटात बंद झाला, कुणी हूं का चूं केलं नाही.

गंमत पुढं आहे. लाल मारून झाल्यावर आमचे एक ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, "अरे यंदा ज्येष्ठ अधिक आहे की." १७ मे ते १५ जून लग्नं नाहीत, म्हणजे कार्यालयं रिकामी, भाडं पाडून मागता येतं. पूर्ण दिवसाची परिषद रविवार ७ जूनला टाकली, ७ लाल असली तरी रविवार आहे, टीडीएस आदल्या दिवशीच भरून मोकळं व्हायचं, टीडीएसचं तिमाही रिटर्न ३१ मे ला संपलेलं, ११ तारीख अजून लांब. एक तरणा मेंबर तेवढा कुरकुरला, त्याला सासुरवाडीला धोंड्याचं जेवण आहे. जा की रे दुसऱ्या रविवारी!

विषयाची चिंता यंदा नव्हतीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा, ५३६ कलमं, टीडीएसची ती कलम १९४ ची सगळी पिलावळ आता कलम ३९३ खाली. पण जुलैतली रिटर्नं मात्र १९६१ च्या जुन्याच कायद्यानं भरायची, त्यामुळे वर्षभर दोन्ही कायदे डोक्यात ठेवायचे. निपाणी-चिकोडीकडच्यांना यावर बेळगावला बोलवायचं का आपण तिकडं जायचं यावर बरंच वाजलं. शेवटी दोन कार्यक्रम तिकडं करायचे ठरले, आणि बरोबरच आहे ते, दोन तासाच्या भाषणाला कोण हायवेनं तास-दीड तास येऊन परत जाईल.

मग नावं. प्रत्येक कार्यक्रमाखाली दोन नावं, एक जुना एक नवा, आणि काम काय ते तिथंच लिहायचं: स्पीकरला फोन, हॉल, पावत्या, फोटो. "बघू, करू कुणीतरी" हे चालणार नाही असं उपाध्यक्षांनी बजावलं, पुढच्या वर्षी अध्यक्ष तेच होणार त्यामुळे त्यांना पोटदुखी जास्त. ज्याखाली दोन नावं आली नाहीत तो कार्यक्रम फाडून टाकला. सहल गेली, मासिक बातमीपत्र गेलं. खजिनदार जाम खूश.

आता तक्रारी. जेवण बाहेरून येतं, रोटी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगा चटणी, चव झकास, पण तास उशिरा आलं आणि रोट्या वातड. नुसता चहा वेळेवर मिळाला. त्यात आमच्यातल्या एकाची संकष्टी, उपवासाचं आधी सांगून पण आलं नाही, बिचारा केळ्यावर राहिला. आवाज घुमतो, पंधराच्या वर माणसं असतील तर त्रास होईल. पार्किंग चार गाड्यांचं, बाकी रस्त्यावर. आणि रेल्वे गेट, "येऊलालो ओ, गेट पडलंय" हे ऐकायची तयारी ठेवा, दहाची मिटिंग असेल तर साडेनऊ सांगा.

भाडं वाजवी, बिल जीएसटीसकट नीट दिलं, आम्हाला वाकडं बिल देऊन सुटणार कुठं म्हणा. वेळ संपून अर्धा तास वर बसलो तरी जादा लावलं नाही. सगळे चार्ट काढताना भिंतीचा रंग एका ठिकाणी निघाला, ते सांगितलं तर मॅनेजर म्हणाला दिवाळीला रंग काढणारच आहे.

परत घेणार, डबे मात्र आपले आपण आणणार.