मटसाठी पत्ते शोधणारे एलबीडीबी : जोडणी आणि अभिप्राय

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या मट या मेल प्रोग्रॅमला स्वतःची अशी मोठी संपर्कवही नाही. एलियसची, म्हणजे टोपणनावांची, साधी फाइल तो वाचतो आणि त्यापलीकडचा शोध ‘क्वेरी कमांड’ या सेटिंगमार्फत बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवतो. असा शोध घेणाऱ्या साधनांपैकी लिटल ब्रदर्स डेटाबेस, अर्थात एलबीडीबी, मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण ते पत्ते आपल्याकडून भरून घेत नाही. आलेल्या पत्रांमधून ते स्वतःच टिपून ठेवते.

जोडणी एका ओळीची आहे. मटच्या सेटिंग फाइलमध्ये क्वेरी कमांडपुढे ‘एलबीडीबीक्यू’ ही आज्ञा आणि तिच्यानंतर टक्का-एस हे चिन्ह लिहावे. आपण टाइप केलेला मजकूर मट त्या चिन्हाच्या जागी भरतो आणि लागणारी अवतरणचिन्हेही स्वतःच घालतो, त्यामुळे जुन्या नमुन्यांत या चिन्हाभोवती दिसणारी अवतरणचिन्हे काढून टाकावीत. मग ‘टू’च्या ओळीत नावाची काही अक्षरे टाइप करून कंट्रोल-टी दाबले, की जुळणारे पत्ते समोर येतात, आणि एकच पत्ता जुळत असेल तर तो थेट भरला जातो. टॅब कळ मुळात एलियससाठी राखलेली असते. ती या शोधाला जोडायची असेल, तर एलबीडीबीने कुठे कुठे शोधायचे ते ठरवणाऱ्या ‘मेथड्स’ या यादीत एम-मटएलियस हे मॉड्यूल अवश्य घालावे, म्हणजे एलियसही त्याच निकालात दिसतात.

मेथड्सच्या यादीत हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पासवर्ड फाइल, अबुक ही टर्मिनलमधील संपर्कवही, एलडॅप ही सर्व्हरवरची सामायिक निर्देशिका अशा ठिकाणी शोधणारी बरीच मॉड्यूल उपलब्ध आहेत. पण आज्ञा पूर्ण होईपर्यंत मट निकाल दाखवत नाही, त्यामुळे एलडॅपचा सर्व्हर मंद असला की घरच्या फाइलमध्ये क्षणात सापडणाऱ्या पत्त्यासाठीही ताटकळावे लागते. आलेल्या पत्रांतून टिपलेले पत्ते शोधणारे एम-इनमेल आणि एम-मटएलियस ही दोन बहुतेकांना पुरतात.

खरी ताकद एम-इनमेलमध्ये आहे. आलेली पत्रे नियमांनुसार लावणाऱ्या प्रोकमेल या प्रोग्रॅमच्या नियमातून प्रत्येक पत्राच्या हेडरची, म्हणजे पाठवणारा, विषय अशा वरच्या ओळींची, प्रत एलबीडीबी-फेचअ‍ॅडर या प्रोग्रॅमकडे पाठवली, की त्यातील नावे आणि पत्ते साठवले जातात. हेडरमधील सांकेतिक रूपातले नाव उलगडून यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतप्रणालीत नोंदले जात असल्यामुळे देवनागरीत लिहिलेले नाव देवनागरीतच शोधता येते. ज्या पत्त्यासोबत नाव नाही तो मात्र वगळला जातो. तोही हवा असेल, तर आज्ञेला ‘ए’ हा पर्याय जोडावा लागतो.

निकालाचा क्रम मूळ स्थितीत पत्त्याच्या अक्षरानुसार लागतो आणि ही निवड मला पटत नाही. एखाद्या व्यक्तीने नोकरी बदलली, की तिचे जुने आणि नवे असे दोन्ही पत्ते यादीत येतात, आणि अक्षरक्रमावरून त्यांतला चालू पत्ता कोणता ते कळत नाही. एम-इनमेलच्या निकालात तिसऱ्या रकान्यात तारीख असते. म्हणून एलबीडीबीच्या ‘सॉर्ट आउटपुट’ या सेटिंगची किंमत ‘रिव्हर्स कॉमेंट’ ठेवावी. तारीख वर्षापासून लिहिली जात असल्यामुळे ताजा पत्ता आपोआप वर येतो. चुकीच्या पत्त्यावर पत्र जाण्याची शक्यता याने बरीच घटते, आणि एवढा एक बदल प्रत्येकाने करावा असे मी आग्रहाने सांगेन.

दोष सांगायचा तर हे साधन निवड करत नाही. त्याच्यापर्यंत नावासह पोहोचलेला प्रत्येक पत्ता, उत्तर न स्वीकारणारे जाहिरातींचे पत्तेसुद्धा, साठ्यात जमा होतो. त्यामुळे प्रोकमेलचा नियम स्पॅमच्या गाळणीनंतर ठेवणे आवश्यक ठरते.

एलबीडीबीऐवजी स्वतःची स्क्रिप्ट लावणाऱ्यांनी एक बाब पाळावी. निकालाची पहिली ओळ मट केवळ संदेश म्हणून दाखवतो. पत्ता, टॅब, नाव, टॅब आणि टीप अशा नोंदी दुसऱ्या ओळीपासून वाचल्या जातात. संदेशाची ओळ छापली नाही, तर पहिलाच पत्ता यादीतून गायब होतो.

ज्यांचे संपर्क फोनमध्ये नीट लावलेले असून कार्डडॅव सर्व्हरवर, म्हणजे संपर्कांचा मेळ राखणाऱ्या सर्व्हरवर, आहेत, त्यांनी ते संपर्क संगणकावर उतरवणारा व्हीडिरसिंकर आणि त्यांत शोधणारी खार्ड ही संपर्कवही अशी जोडी घ्यावी. खार्डच्या ‘ईमेल’ आज्ञेला ‘पार्सेबल’ हा पर्याय दिला, की त्याचा निकाल मटला हव्या त्याच स्वरूपात मिळतो. संपर्कवहीत कधीही न नोंदवलेल्या व्यक्तींशी ज्यांचा नित्य पत्रव्यवहार असतो, त्यांच्यासाठी मात्र मी एलबीडीबीचीच शिफारस करतो.